आर एक्कावन्नच्या गठ्ठ्यातली कुसाबाई

१९९६ साली मी नाशिकच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात लागले, तेव्हा उत्तरा गायधनींना तिथे पंधरा वर्षं झाली होती. सगळे त्यांना उत्तराताई म्हणत. घर पंचवटीतलं, पुरोहितांचं. वडील आणि भाऊ यात्रेकरूंच्या नामावळ्या सांभाळायचे. ताई म्हणायच्या, "ते गेलेल्यांची नावं राखतात, मी दुखणाऱ्यांची."

रोज सकाळी होळकर पूल ओलांडून त्या चालत यायच्या, पदर खोचायच्या आणि गठ्ठे सोडायच्या. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर आमच्याकडे येई. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, जाड पुस्तकातून त्याचा कोड शोधायचा आणि लाल शाईनं कोपऱ्यात लिहायचा. त्या कोडांवरून वर्षाचा अहवाल निघे. जुन्या कागदांचा तो उबट वास आणि ताईंच्या डब्यातलं मेथकूट आजही आठवतं. दुपारी पंखा लावायची सोय नव्हती, कागद उडायचे. आम्ही घामेजून काम करायचो, आणि तरी मला ती खोली आवडायची.

२००० साली कोडांची नवी पुस्तकं आली. ताईंनी ती महिनाभर घरी नेऊन वाचली. नुसत्या डोकेदुखीला आर एक्कावन्न. मायग्रेनला जी त्रेचाळीस, आणि त्यातच एक वेगळी ओळ: बहात्तर तासांहून जास्त चाललेला झटका, जी त्रेचाळीस पॉइंट दोन. जानेवारीत वर्षाची बेरीज करताना त्या ओळीसमोर शून्य आलं.

"ज्योत्स्ना, अख्ख्या वर्षात एकही नाही?" ताई म्हणाल्या. "मला नाही खरं वाटत. आर एक्कावन्नचा गठ्ठा काढ."

चारशेच्या वर पेपर होते. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ताईंनी माझ्यापुढे तीन कागद ठेवले. तीन जुलै, पाच जुलै, सहा जुलै. तिन्ही कॅज्युअल्टीचे, तीन वेगळ्या डॉक्टरांचे. प्रत्येकावर 'डोकेदुखी, इंजेक्शन दिले, घरी पाठवले.' नाव एकच, कुसाबाई. खाली ऑक्टोबरचे आणखी तीन निघाले.

कुसाबाई म्हणजे आमच्याच बाळंतपणाच्या वॉर्डातली आया. पेठ तालुक्यातली, पेठ नाक्याजवळ खोली घेऊन राहायची. मधूनच चार-चार दिवस गायब व्हायची. मेट्रननं तिला मेमो दिला होता, पुन्हा असं झालं तर कामावरून कमी करू म्हणून. कामचुकार आहे, नाटकं करते, असं मीही ऐकलं होतं आणि खरं धरलं होतं.

ताई मला घेऊन वॉर्डात गेल्या. कुसाबाई दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"कुसाबाई, जुलैत तुमचं डोकं कधी धरलं होतं?"

"सोमवारी सकाळी. दुपटी उकळत व्हते तवा. उजव्या बाजूनं."

"सुटलं कधी?"

"शुक्रवारी. मधी लय ओकले. उजेड बघवत नाय."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं, आज दुखतंय का. म्या हो म्हनलं."

जिन्यात मी म्हटलं, "ताई, आता कळलं ना? मग बदलून टाका कोड."

"मी टाकला तर तो माझा अंदाज," त्या म्हणाल्या. "तिच्या डोक्यात गाठ असली आणि कागदावर मी मायग्रेन लिहून ठेवलं तर? डॉक्टरांनी लिहिलं नाही ते आपण भरायचं नाही."

त्यांनी कुसाबाईला एवढंच बजावलं की पुन्हा धरलं तर दिवस आणि वेळ लक्षात ठेवा, आणि रेकॉर्ड विभागात निरोप द्या.

निरोप फेब्रुवारीत आला, डोकं धरल्याच्या चौथ्या दिवशी. कुसाबाई डोक्याला फडकं आवळून बाकावर वाकून बसली होती. ताईंनी जुने सहा कागद काढले, तिचा हात धरला आणि डॉक्टर आल्हाद शुक्लांच्या ओपीडीत रांगेला उभ्या राहिल्या. डॉक्टर तरुण, नुकतेच रुजू झालेले. त्यांना ते रुचलं नाही.

"रेकॉर्डवाल्यांनी मला निदान सांगायचं का?"

"नाही सर, मी विचारायला आले. हे जुलैचे तीन पेपर तीन दुखणी आहेत की एकच?"

डॉक्टरांनी कागद शेजारी शेजारी लावले. तारखा ताडून पाहिल्या. मग खुर्ची पुढे ओढून कुसाबाईला पहिल्यांदा विचारलं, "मावशी, हे सुरू कधी झालं?"

त्यांनी डोळे तपासले, मान तपासली, डोक्याचं सीटी स्कॅन करवून घेतलं. काही वावगं निघालं नाही. मग तिला वॉर्डाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भरती केलं, सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि पेज मागितली. पेपरवर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, मायग्रेनचा झटका, ब्याण्णव तास. ताईंनी लाल शाईनं कोड घातला तेव्हा मी शेजारी उभी होते. कोड लिहून झाल्यावरही पेन त्यांच्या हातातच राहिलं.

मेट्रननं माफी मागितली नाही, पण मेमो मागे घेतला आणि कुसाबाईला उकळत्या कपड्यांपासून हलवून लिननच्या कपाटावर नेमलं. परवानगीशिवाय कागद बाहेर नेले म्हणून ताईंनाही एक मेमो मिळाला. त्यांनी सही केली आणि तो आपल्या फायलीत तारखेनुसार लावला. "चूक झालीच होती," मला म्हणाल्या.

कॅज्युअल्टीच्या छापील पेपरवर डॉक्टर शुक्लांनी एक ओळ वाढवून घेतली, 'त्रास सुरू झाल्याची तारीख व वेळ'. पुढल्या वर्षी त्या कोडाचे अकरा पेशंट निघाले. कुसाबाईचं दुखणं मुळापासून गेलं नाही. पण रोजच्या गोळीमुळे ते वर्षातून दोनदाच यायचं, आणि ती पहिल्याच दिवशी येऊन वेळ सांगायची.

ताई २००४ला निवृत्त झाल्या. नंतर कॉम्प्युटर आले, आमच्या खोलीचं औषधांचं गोदाम झालं. २००८च्या दिवाळीनंतर आम्ही दोघी एसटीनं पेठकडे कुसाबाईच्या गावी गेलो. तीही काम सोडून गावी परतली होती. तिनं नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन केलं, सुनेला ताईंची ओळख करून दिली, "या माझ्या दवाखान्यातल्या ताई. यांनी माझं दुखनं खरं हाय म्हनून लिवून घेतलं."

ताई म्हणाल्या, "अहो, लिहिलं डॉक्टरांनी." आणि दुसरी भाकरी मागून घेतली.