आधी म्हैस, मग मी

आमच्या लग्नाच्या फोटोत मी आहे, पण दिसत नाही. मुंडावळ्या दिसतात, नथ दिसते, मधे नुसता काळोख. शेजारी हे मात्र स्वच्छ आलेत. फोटो माहेरी रत्नागिरीकडे गेला, तेव्हा आईनं भावाकडून लिहवून घेतलं, ‘यात तू कुठं आहेस? माझे डोळे चाललेत. दिसतंय तोवर तुझा एक बरा फोटो धाड.’

हे अंबरनाथला कारखान्यात कारकून. पत्र वाचून हे पुढच्या पगाराला उल्हासनगरच्या कॅम्पातून एक जुना कॅमेरा घेऊन आले. मी लगेच ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसले. हे म्हणाले, "आज नाही. काळं नीट येत नाही मला. आधी हात बसू दे."

मग दर रविवारी आमच्या सहली सुरू झाल्या. अंबरनाथचं देऊळ काळ्या दगडाचं, म्हणून तिथं. बदलापूरला कोळशाची वखार, म्हणून तिथं. कुळगावात म्हशी, म्हणून तिथंही. डबा मी धरायचा, छत्री मी धरायची आणि फोटो म्हशीचा. कॅम्पातला सिंधी दुकानदार रीळ धुऊन द्यायचा. पहिला फोटो बघून तो शांतपणे म्हणाला, "साईं, भैंस किधर है?"

त्या म्हशीवर दोन वर्षं गेली. एकदा मी भर रस्त्यात विचारलं, "अहो, माझा नंबर म्हशीनंतर का?"

"हो. म्हैस ओळखू आली की तुझा. तुझा दुसराही फोटो काळोखात जायला नको."

या माणसाला राग येत नाही, याचाच मला राग यायचा.

हळूहळू यांना जमलं. ऊन तिरपं हवं, कॅमेऱ्याचं भोक जास्त वेळ उघडं हवं, मागचं आभाळ पांढरंफटक पडलं तर पडू द्यायचं आणि म्हैस रवंथ थांबवेपर्यंत वाट बघायची. कुळगावच्या म्हशीवाल्याला फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "ही माझी नाय. शेजाऱ्याची हाय. शिंग बघा ना हिचं." हे इतके खूश मी लग्नातही पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी मला ओट्यावर बसवलं. फोटोत देवीचे वण आले, कपाळावरची आठी आली. इतकी काळी आणि इतकी स्पष्ट मी आरशातही दिसले नव्हते. मी मला आवडले. फोटो पाकिटात घालून आईला धाडला.

महिन्यानं भावाचं उत्तर आलं. आईला सहा महिन्यांपासून काहीच दिसत नव्हतं. मी काळजी करीन म्हणून कळवलं नव्हतं. म्हैस, कॅमेरा आणि हे, तिघांनाही मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि खूप रडले. मग पुढचं वाचलं. आईनं फोटो हातात घेऊन विचारलं होतं, "काळीच आलीय ना?" भाऊ हो म्हणाला. तेव्हापासून घरी येईल त्याच्या हातात ती फोटो देते आणि त्यात काय काय दिसतंय ते सगळं सांगून होईपर्यंत त्याला सोडत नाही.