तोंड नसलेला म्हसोबा

आमच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली, एक शेंदरी दगड होता – नाक नाही, डोळे नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तेलाशेंदराची पुटं चढून कडा गोल झालेला; ऊन चढलं की तेल, धूळ आणि जळक्या उदबत्तीचा एकच वास यायचा, आणि तिन्हीसांजेला बघत बसलं की कधी त्यात बैलाचं वशिंड दिसायचं, कधी पदर घेऊन बसलेली बाई…

दर अमावास्येला काकू त्या म्हसोबाला शेंदूर लावायला जायची, मी तिच्या मागं. काका नळदुर्गहून ट्रक घेऊन हैदराबादकडं गेले ते परतलेच नाहीत. ट्रक सापडला, ते सापडले नाहीत. काकूनं कुंकू पुसलं नाही, आणि सणावाराला ओटी भरून घ्यायलाही ती कधी पुढं झाली नाही. आहे आणि नाही यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती राहायची.

"ह्याचं तोंड कुठंय, काकू?" मी एकदा विचारलं.

दगडावरून बोटं फिरवत ती म्हणाली, "न्हाय तेच बरंय, बाळ. न्हाय म्हणायला बी तोंड लागतंय."

पुढं गावानं वर्गणी काढली, चबुतरा बांधला, फरशी बसवली आणि दगडाला डोळे-मिशा लावल्या. सगळ्यांना देव देखणा वाटला. काकू मात्र पुन्हा तिकडं फिरकली नाही. "आता त्ये बघतंय," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात काकू गेली. तिच्या पोटी मूल नाही, म्हणून बायकांनी मलाच विचारलं, "हिरवं लुगडं नेसवायचं का साधं?" सवाष्णीला हिरवं, हे मलाही ठाऊक होतं, पण सांगणार काय? शेवटी कुणीतरी हिरवं आणलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही. तिनं जन्मभर उघडं ठेवलेलं दार आम्ही घटकेत लावून टाकलं होतं.

दिवसकार्य, आलं-गेलं, ‘काका कधी वारले’ ही कचेरीतली विचारपूस – सगळं उरकून मी पार शिणले होते. मन रमावं म्हणून लेकीनं पुण्यात चित्रं बघायला नेलं. एका भल्यामोठ्या चित्रात नुसता शेंदरी रंग होता, थरावर थर. आकार उमटतोय म्हणेपर्यंत विरून जायचा. शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "हे नक्की आहे तरी काय?" आणि पुढच्या चित्राकडं वळले. मी समोरच्या बाकावर टेकले, आणि कितीतरी दिवसांनी खांदे सैल पडले.

"काही कळलं का गं, आई?" लेकीनं विचारलं.

"नाही," म्हटलं. काकूला एकदा इथं आणायला हवं होतं. "तू हो पुढं. मी बसते जरा."