उजव्या हाताचा गिअर

दसरा, सन १९६४, डोणगाव. सकाळी अंगणात हजर: वडील, धाकटा भाऊ, वहिनी, मेहकरहून आलेला मोटार मिस्त्री, गावातला लोहार आणि मी. जीपलाही हजेरीत धरते, कारण त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलणी तिनेच खाल्ली.

जीप लष्कराच्या लिलावातली. भाऊ तिच्यातून मिरच्या आणि कांद्याचं बी घेऊन साखरखेर्डा, देऊळगाव राजापर्यंतचे बाजार करायचा. आदल्या हंगामात कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्राच्या पट्ट्यात त्याचा डावा हात सापडला आणि कोपराखाली काढावा लागला. जखम भरली, पण माणूस ओसरीवरून उठेना. पगारी ड्रायव्हर ठेवला, तर हा ओसरीवरूनच त्याच्या प्रत्येक गिअरच्या आवाजाला शिव्या घाली. दोन ड्रायव्हर पळाले. शेवटी वडिलांनी सांगून टाकलं, "दसऱ्याले यानं सोता गाडी चालवत शिलंगणाले नेली अन् घरी आणली, तं ठेवतो. नाई तं दुसऱ्या दिवशी जालन्याचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं, त्याले देऊन टाकतो."

ते ऐकून भाऊ पहिल्यांदा ओसरीवरून उठला, आणि मी, त्याची मोठी बहीण, शिकवते त्या शाळेतून रजा काढून आले. या घरात कुणीतरी कामं वाटून दिल्याशिवाय काही होत नाही.

अडचण एकच होती. जीपचं स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअरचा दांडा डावीकडे. चाक धरायला भावाच्या कोपराला चामड्याचा पट्टा करून दिला, तो छान बसला. पण दांड्याला बोटं लागतात. म्हणून जुना दांडा आखूड कापायचा, त्याच्यावरून एक जाड सळई आडवी न्यायची आणि उजव्या टोकाला नवा दांडा उभा करायचा, असं मिस्त्रीने ठरवलं. लोखंडाचं काम लोहाराचं, बसवणं मिस्त्रीचं. नवमीपर्यंत सगळं संपवून खळ्यात चालवून पाहायचं, हे मी दोघांना वेगवेगळं आणि एकत्र, दोन्ही प्रकारे सांगितलं होतं.

लोहाराने काम संपवलं ते दसऱ्याच्या सकाळी. म्हटलं, ठीक, आता दोन चकरा मारून पाहू. तर वडील म्हणाले, "नवा भाग बसवला म्हंजे गाडी नवी झाली. पूजेच्या आंधी चाक हलवाचं नाई." लोहाराने मान डोलावली. मिस्त्रीनेही डोलावली.

पूजा झाली. जीपच्या बाजूला पाटावर दोघांचीही हत्यारं मांडली होती: पाने, हातोडे, सांडशी, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. पुढच्या चाकांखाली लिंबं. वहिनीने ओवाळलं. भाऊ बसला, नेहमीच्या सवयीने पहिल्या गिअरसाठी नवा दांडा मागे ओढला आणि क्लच सोडला.

जीप मागे गेली. सरळ कडब्याच्या गंजीत. चाकांखालची लिंबं जशीच्या तशी.

"काय बे, हे काय करून ठेवलं?" मिस्त्री लोहारावर ओरडला.

"तू सांगतलं तसंच केलं. वरून ने म्हणे, वरून नेलं."

"आडवं ने म्हटलं होतं, उलटं कर म्हटलं होतं काय?"

घोटाळा असा, की आडवी सळई जुन्या दांड्याच्या वरून गेली होती. त्यामुळे नव्या दांड्याचं वरचं टोक मागे ओढलं की सळईला जोडलेलं खालचं टोक पुढे जायचं आणि जुना दांडाही पुढे ढकलायचं. सगळे गिअर उलटे, पहिल्याच्या जागी रिव्हर्स. आधी एकदा जरी चाक फिरवलं असतं तरी कळलं असतं.

"मग उचला पाना आणि खोला तो जोड," मी म्हटलं.

दोघांनी पाटाकडे पाहिलं.

"आज?" लोहार म्हणाला. "बाई, आज हत्याराले हात लावाचा नसते. उद्या दिवस निघाला का पह्यले तुमचंच काम."

"उद्या गाडीच राहणार नाही!"

मिस्त्री म्हणाला, "मी उचललाही असता बाई. पण मंग यायच्या गावात मले पाणी कोन पाजीन?"

वडील लिंबांकडे पाहत उभे होते. तेव्हा वहिनी पदर सावरत, माझ्या कानाशी पण नवऱ्याला नीट ऐकू जाईल अशी बोलली, "उलटं तं उलटं. यायले सरळ काय जमते म्हना?"

भावाने दांडा पुन्हा धरला. "पह्यला पुढं, दुसरा मांगं, तिसरा पुढं," तो पुटपुटला. दांडा पुढे ढकलला. जीप गंजीतून निघाली आणि लिंबं चिरडली.

वडील मागे बसले, मी शेजारी. दोनदा गाडी बंद पडली, एकदा गिअर असे करकरले की वाटेतले बैल बिथरले. मी "पुढे! आता मागे!" असं सांगत होते, तर म्हणतो, "अक्का, तू चूप बस. तुह्या सांगन्यानं हात चुकते." बसले चूप.

शिवेजवळच्या नाल्यात परतीच्या पावसाचा काळा चिखल होता. जीप रुतली. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर द्यायला या गाडीला आणखी एक लहान दांडा असतो. तोही डावीकडे, माझ्या गुडघ्याशी. त्याचं काय, असं मी मिस्त्रीला विचारलं होतं. "मंग पाहू" हे उत्तर मिळालं होतं. भाऊ उजवा हात लांबवून वाकला, कोपराचा पट्टा ताणला, चाक वळलं आणि जीप आडवी घसरली. मी दांडा ओढला. चारही चाकं फिरली, आम्ही वर आलो. पुढे आपट्याची पानं लुटून घरीही आलो.

वडील उतरले. "सोता आणली?"

"मोठा दांडा मीच चालवला."

"अन् लहान?"

भावाने माझ्याकडे पाहिलं.

"पावसाळ्यात तुही अक्का शाळा सोडून तुह्यासंगं बाजार करीन काय?"

दुसऱ्या दिवशी जालन्याचं गिऱ्हाईक आलं. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि "मिरगाच्या आंधी या, तवा सांगतो" म्हणून वाटेला लावलं. लोहार हत्यारं घेऊन जोड सरळ करायला आला, पण भावाने हात लावू दिला नाही. आता हात बसला म्हणाला. कोरड्या दिवसांत तो एकटा सगळे बाजार करतो आहे.

आता होळी झाली, मिरगाला जेमतेम तीन महिने उरले. लहान दांड्यासाठी मिस्त्री म्हणतो, आधी लोहाराने सळई करावी. लोहार म्हणतो, आधी मिस्त्रीने खालचं खोलून माप द्यावं. मी दर आठवड्याला दोघांनाही निरोप पाठवते. दांडा अजून डावीकडेच आहे.