चिमणीचे दिवे आणि कुलपाचा ओळंबा

चामोर्शीहून एसटीत बसलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. चंद्रपूर आलं तोवर अंधार पडला होता आणि धुक्यानं रस्ता गिळला होता. बाबांना एकच गोष्ट बघायची होती: वीज केंद्राची उंच चिमणी. तरुणपणी ते तिच्या बांधकामावर होते. सकाळी आमची पुण्याची गाडी होती, आणि त्यांचं वय बघता पुन्हा येणं कठीणच.

रिक्षातून उतरताच मी ऐटीत बोट दाखवलं. "बाबा, ती बघा तुमची चिमणी."

"तो पाणी थंड करायचा मनोरा होय, पोरी. कंबर बारीक हाय ना त्याची? चिमणी अजून दिसूनच नाई राह्यली."

माझा तोरा तिथेच उतरला. समोरच्या टपरीवर आलूभोंडा (बटाटेवडा) आणि तर्री (तिखटजाळ रस्सा) घेतली. खाता खाता बाबा टपरीवाल्या ताईंना चिमणीची हकीकत सांगू लागले. ती वर निमुळती होत जाते. साचा वर सरकत राहतो, काँक्रीट रात्रंदिवस ओतावं लागतं.

"शेवटचा वरचा भाग राह्यला आन् असंच धुकं पडलं. ओळंबा (वजन बांधलेला दोरा) दिसेना. काम तं थांबवता येत नाई. हाताच्या अंदाजानं गेलो वर. मंग लगेच दुसऱ्या कामावर धाडलं. सरळ झाली का वाकडी, मले आजवर ठाऊक नाई."

"इतके वर्षं उभी हाय ना, भाऊ? मंग काऊन जीव जाळून राह्यले?"

"उभी हाय. पण सरळ हाय का?"

ताईंनी पुड्या बांधायचा दोरा तोडला, टोकाला टपरीचं कुलूप बांधलं आणि बाबांच्या हाती दिलं.

बाबांनी हात लांब करून एक डोळा मिटला. चिमणी दिसत नव्हतीच, तिच्यावरचे विमानांना इशारा देणारे लाल दिवे तेवढे, एकावर एक. खालचा दिवा दोऱ्याआड गेला. मधला गेला. वरचा धुक्यात बुडालेला, आणि बाबांचं ते काम तिथलंच. मी त्यांचं कोपर धरलं. ताईंनी कढईचा धूर आड येऊ नये म्हणून स्टोव्ह बंद केला.

धुकं जरा हललं. वर लाल ठिपका उमटला.

"बाबा, दिसला का?"

"नाई," बाबा हसले. "दोऱ्याआड हाय तो बी."

कुलूप परत केलं. दोरा बाबांनी खिशात ठेवला. ताईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी गाडीत बाबा वर्ध्यापर्यंत घोरत होते. डब्यातल्या लोकांची माफी मागताना मला मात्र त्या ताईंचे पाय धरावेसे वाटत होते.