पुलापलीकडची सांगली

आमच्या गावाहून सांगलीला पायी जायला सव्वा तास लागायचा. हे मी स्वतः मोजलेलं आहे, डोक्यावर भाजीची पाटी असताना आणि नसताना, दोन्ही वेळा. पाटी असली की सात-आठ मिनिटं जास्त. तरी आमच्या गावच्या कुठल्याही पुरुषाला परगावी कोणी विचारलं, "पावनं, गाव कंचं?" तर उत्तर ठरलेलं असायचं, "सांगली." पुढचा माणूस चौकस निघाला आणि त्यानं "सांगलीत कुठं?" असं विचारलं, तर "पुलापलीकडं, जरा." हे जरा म्हणजे चार मैल.

बरं, नुसतं अंतराचं असतं तर मी सोडून दिलं असतं. विश्रामबागेकडचे लोकही त्या वेळी शेतातून चालत सांगलीत यायचे आणि सांगलीचे म्हणवायचे, त्यांना ते शोभत होतं. पण सांगली हे संस्थान होतं. आमचं गाव इंग्रजांच्या मुलखात, तालुका वाळवा, जिल्हा सातारा. सारा भरायचा तो इस्लामपूरला, मोठं काम पडलं तर साताऱ्याला. आम्ही सांगलीला दूध, भाजी आणि गूळ घालायचो आणि येताना मीठ, तेल, बांगड्या आणायचो, एवढाच आमचा आणि सांगलीचा संबंध.

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथली माणसं अजून रागावतात.

आमचे आबा या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. चार एकर ऊस, दोन बैलजोड्या, गावात मान. कशाला कमी नव्हतं. पण "सांगली" म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत रॉकेल कार्डावर मिळायला लागलं, तेव्हा ते एकदा बाटली घेऊन सांगलीच्या दुकानात रांगेत उभे राहिले. कार्ड साताऱ्याचं. दुकानदारानं परत पाठवलं. घरी येऊन आबा म्हणाले, "आपलं दुकान आज बंद हुतं." आईनं बाटली घेतली, उलटी करून बघितली आणि कोनाड्यात ठेवली.

थोरला भाऊ पलटणीत होता. त्यानंही भरतीच्या वेळी गाव सांगली असंच सांगितलं. त्यामुळे त्याची पत्रं सांगलीला, आमचा गूळ जायचा त्या अडत दुकानाच्या पत्त्यावर यायची. तिथून गावातला जो कोणी दूध घालून परतत असेल तो ती घेऊन यायचा. निम्म्या गावाचं टपाल असं चालत असे. कोणाला आठवण राहिली तर पत्र त्याच दिवशी, नाही तर पुढच्या आठवड्यात. मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भावाच्या पत्रांची यादी ठेवली होती: कधी लिहिलं, कधी आलं, मध्ये किती दिवस गेले. पलटणीतून सांगलीपर्यंतच्या प्रवासाचा भरवसा नव्हता, ते मी समजू शकत होते. सांगलीपासून घरापर्यंतच्या चार मैलांना कधी कधी नऊ दिवस लागायचे, ते मला समजत नव्हतं.

लढाईच्या शेवटच्या वर्षी मी अठरा वर्षांची होते. सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, गावातली त्या वर्षापर्यंतची एकटीच मुलगी. कवठे महांकाळकडचं एक स्थळ आलेलं होतं. आबांनी त्या लोकांनाही "सांगलीची मुलगी" असंच सांगितलेलं, हे वेगळं सांगायला नको. मी आबांच्या मागे लागून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. मला यंदा शाळेत शिकवायची नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं थांबवायचं. नाही लागली तर येत्या मार्गशीर्षात अक्षता. आबा शब्दाचे पक्के होते, म्हणून मला त्याची भीती वाटत होती.

शेजारच्या गावात, आमच्यापासून मैलभरावर, मुलींचा वर्ग नव्यानं निघणार होता आणि त्याला शिकवणारी बाई हवी होती. घरातून जेवून निघावं आणि संध्याकाळी घरी परतावं, अशी जागा. मी साताऱ्याच्या स्कूल बोर्डाला अर्ज लिहिला. फायनलचा दाखला, जन्माचा उतारा, हेडमास्तरांचं पत्र, सगळं लावून दोऱ्यानं शिवलं आणि सांगलीच्या टपालात टाकायला आबांकडे दिलं. अर्जात पत्ता लिहिला होता तो खरा: गाव, तालुका वाळवा, जिल्हा सातारा.

उत्तर आलं ते सातव्या आठवड्यात. त्यातले अकरा दिवस ते अडत दुकानातच पडून होतं, हे पाकिटावरच्या सांगली टपालाच्या शिक्क्यावरून कळलं. उत्तरात दोनच ओळी. अर्जदार सांगली संस्थानची रहिवासी असल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही.

आबा ओसरीत दोर वळत बसले होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"आबा, अर्जात सांगली कुणी लिहिलं?"

"दुकानातल्या मुनिमानं. तुझ्या अर्जावर शाईचा डाग हुता. मी म्हनलं, नवा लिवून दे."

"आणि सांगली लिहा म्हणून कुणी सांगितलं?"

"अगं, खेड्यातली पोर म्हनल्यावर साताऱ्याचं सायेब अर्ज वाचून तरी बघतील का? सांगलीची म्हनलं की जरा वजन पडतंय."

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "तेवढं वजन घिऊन चार मैल रोज आमी चालतोय, त्ये कुनी लिवून घेत न्हाई."

माझ्या अर्जावर शाईचा डाग नव्हता. मला डाग पाडायची सवय नाही. पण त्यावर भांडून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी एक कागद घेतला आणि काय काय करायचं ते लिहून काढलं. पहिलं, तलाठ्याकडून रहिवासाचा दाखला. दुसरं, नवा अर्ज. तिसरं, स्वतः साताऱ्याला जायचं. टपालावर आणि मुनिमावर आता काही सोडायचं नाही.

तलाठी सांगलीत राहायचे आणि मंगळवारी गावात यायचे. मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी मी आईबरोबर त्यांच्या घरी गेले. दाखला त्यांनी लगेच लिहिला, पण शिक्का आमच्या चावडीत. शुक्रवारी त्यांना शिक्क्यासाठी गावात घेऊन यायला परत सांगली. म्हणजे आम्ही सातारकर आहोत हे कागदावर सिद्ध करायला मला सांगलीला दोन खेपा माराव्या लागल्या.

सोमवारी आबा आणि मी साताऱ्याला निघालो. त्या वेळी पेट्रोलची टंचाई, मोटारी कोळशावर चालायच्या. मागच्या बाजूला भट्टी बांधलेली, ती विझली की सगळ्यांनी खाली उतरायचं. कराडच्या अलीकडे दोनदा उतरावं लागलं. मला तेवढा वेळ बराच होता. मी आबांकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. गाव विचारलं तर गावाचं नाव. तालुका वाळवा. जिल्हा सातारा.

"व्हय गं. मी काय ल्हान पोर हाय?"

"एकदा म्हणून दाखवा."

त्यांनी म्हणून दाखवलं. बिनचूक. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका पागोटेवाल्या गृहस्थानं विचारलं, "कुठनं आलायसा?"

"सांगली," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. "ह्यो काय सायेब हाय का?" ते मला हळूच म्हणाले. "सायबाफुडं बराबर सांगतो."

बोर्डाच्या कचेरीत आमचा नंबर लागायला दुपार झाली. टेबलामागे एक चष्म्यावाले कारकून होते. मी त्यांच्यासमोर सगळे कागद क्रमानं ठेवले, दाखला सगळ्यात वर. त्यांनी दाखल्याकडे बघितलंही नाही. आबांकडे बघितलं आणि सहज विचारलं, "कुठून आलात?"

"सांगली," आबा म्हणाले.

मला वाटतं, ते त्यांच्या तोंडून निघून गेल्यावर त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला.

"मग इथं कशाला?" कारकून म्हणाले. "तुमच्या संस्थानात अर्ज करा."

मी गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, दाखला पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला. मग खणातून आमचा जुना अर्ज काढला, मुनिमानं लिहिलेला, खाली पालक म्हणून आबांची सही. दोन्ही शेजारी ठेवले.

"मुलगी एक सांगते, बाप एक सांगतो. सहीनिशी लिहूनही देतो. यातलं खरं काय धरू?"

"दाखला," मी म्हणाले.

"मग पालकांनी तसं लिहून द्यायला हवं. आधीच्या अर्जात राहण्याचं ठिकाण सांगली असं लिहिलं, ते खोटं आहे. खाली सही."

त्यांनी कागद आणि टाक आबांसमोर ठेवला. आबा मोडीत लिहायचे, अक्षर मोठं आणि वळणदार. त्यांनी गावाचं नाव लिहिलं, तालुका लिहिला, जिल्हा लिहिला. "खोटं"पाशी टाक थांबला.

"चुकून झालं, असं लिवलं तर?"

"चुकून झालं होतं का?"

खोलीत आणखी पाच-सहा माणसं बसलेली होती. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले असते तर कदाचित कारकुनांनी "चुकून" चालवून घेतलं असतं, असं मला आजही वाटतं. मी बोलले नाही. सात आठवडे गेले होते आणि मार्गशीर्ष जवळ येत होता. आबांनी टाक बुडवला आणि "खोटे" लिहिलं. तेवढा एक शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा लहान आला.

कारकुनांनी वही उघडली, बोट खाली खाली नेलं. "शेजारच्या गावच्या मुलींच्या वर्गाची जागा सहा दिवसांपूर्वी भरली. आता या बाजूला शिराळ्याची एक राहिली आहे. जाणार का?"

सहा दिवस. मी मनात मागे मोजत गेले. अकरा दिवस पत्र दुकानात पडून होतं.

"घरी जाऊन इचार करतो आन् कळवतो," आबा म्हणाले.

"उत्तर कुठं पाठवू, सांगलीला?" कारकुनांनी मान वर न करता विचारलं. मागे कोणीतरी हसलं.

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "आत्ता लिहून घ्या." आबा बोलत असताना मध्ये बोलण्याची माझी ती पहिली वेळ होती.

घरी येऊन आबांनी हातपाय धुतले आणि मग बोलले ते आईशी. "पोर एकली शिराळ्यात र्‍हानार? गाव कुठल्या कुठं. नागपंचमीला नाग धरनारी मानसं ती. त्यापेक्षा त्या कवठ्याच्या लोकांस्नी हो म्हनून सांगतो."

"नोकरी लागली की लग्न थांबवायचं, असं तुम्ही म्हणाला होता," मी म्हणाले.

"जवळची लागली तर, असं म्हनलो हुतो."

"असं म्हणाला नव्हता."

आई मधेच म्हणाली, "मी जाते तिच्यासंगं."

आबांना वाटलं ती चिडून बोलते आहे. "आन् हितलं? गुरं कोन बघंल? मला भाकरी कोन घालंल?"

"आवं, तुमी सांगलीचं मानूस," आई म्हणाली. "सांगलीत लय खानावळी हायत. बसा की जाऊन पाटावर."

ती चिडून बोलत नव्हती. चौथ्या दिवशी आम्ही निघालो. गुरांचं काम धाकट्या चुलत्यांवर, चुलीचं चुलतीवर. कुठल्या म्हशीला काय आणि कधी, हे मी लिहून खुंटीला अडकवून दिलं. आबा आमची ट्रंक खांद्यावर घेऊन मोटारीपर्यंत आले आणि ट्रंक टपावर चढवल्यावर लगेच वळून निघाले. मागून कळलं की पहिले आठ दिवस ते खरंच दुपारी सांगलीला खानावळीत जेवायला जात होते. नंतर चुलतीनं हात जोडले, तेव्हा घरी जेवायला लागले.

नोकरी टिकली. लग्नही दोन वर्षं थांबलं. मी कुठं हरले, असं कोणी म्हणणार नाही. पुढे संस्थानं गेली, सातारा जिल्हा तुटला, आमचं गाव दक्षिण साताऱ्यात आलं आणि त्याची मोठी कचेरी सांगलीत बसली. आबांना केवढा आनंद. "बघ," मला म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो. जरा लवकर बोललो हुतो." मी हसले नाही. तोवर माझा राग निराळ्या जागी जाऊन बसला होता.

त्याच्या बरंच आधी, लढाई संपल्याबरोबर, भाऊ तीन वर्षांत पहिल्यांदा रजेवर आला होता. दहा दिवसांची रजा, त्यातले पाच आगगाडीतच जाणारे. तो घरी पोहोचला तेव्हा घराला कुलूप, आबा शेतावर, आई शिराळ्यात. आईला कळवायचं, तिनं यायचं, यात चार दिवस गेले असते, म्हणून तोच आमच्याकडे यायला निघाला. वाटेत मोटार बिघडली, एक मुक्काम इस्लामपूरला झाला. शिराळ्याला येण्याजाण्यात तीन दिवस गेले आणि आईसाठी दोन उरले. शेजारच्या गावची ती जागा मला मिळाली असती, तर आईला ते पाचच्या पाच मिळाले असते.

आमची शिराळ्याची खोली एकच होती, चुलीपाशी तिघं बसलो की दार उघडता येत नसे. भाऊ वाळून काळा पडला होता. तो जेवता जेवता इकडे तिकडे बघत होता. कोपऱ्यात माझी ट्रंक, भिंतीला टेकवलेला फळा, कणगीऐवजी पत्र्याचे दोन डबे.

"आई, तू हितं का आलीस गं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आबानं पत्ता खोटा लिवला म्हनून," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात तिसरी भाकरी घातली.