राजामागचे पाय

दुसरीच्या मुलांना घेऊन मी शिरोळहून कोल्हापूरला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहायला गेले होते. सोबत हेडमास्तर होते आणि "एक आवाज नको," असा त्यांचा दम होता. बाहुला राजा तलवार उपसून गरजला, तशी आमच्या वर्गातली एक मुलगी उठून ओरडली, "राजा, तुझ्या मागं कुणाचं तरी पाय दिसाय लागल्यात की!"

पडद्याखालून खेळ करणाऱ्या काकांच्या निळ्या चपला खरंच दिसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राजानं वळून, वाकून चपला बघितल्या.

"व्हय की गं! कोण हाय ह्यो?"

"चोर!" अख्खी दुसरी किंचाळली.

राजानं चपलांवर सपासप वार केले. काका आतून कळवळले. हेडमास्तर तर खुर्चीवरून उठलेच. "हाण," ते ओरडले, "आणि एक हाण!"