दाबलं का बहीण दिसते

त्या दिवशी घरात एवढे जण होते: मी, माझी सून, अंदरच्या खोलीत घोरत पडलेला माझा लेक, अन् समोरची शेजारीण, जी विरजण मागायले आली अन् तासभर बसली. पाचवी माझी लहान बहीण. ती होती मौद्याले, आपल्या घरी. पण तिलेही धरा, काहून का सारा खटाटोप तिच्यासाठीच चालला होता.

रविवार होता. सून कंप्युटरसमोर बसून मले म्हणे, "आई, या इकडं. तुमच्या बहिणीले आता एका डब्यात बसवून देते."

मी म्हटलं, "नोको वं, गुदमरन ते."

माझी बहीण रांगत होती तवा आमची माय गेली. मी दुसरीत होती. शाळा तिथंच सुटली. बाप धानाच्या बांधीत, मी बहिणीले कडेवर घेऊन बांधावर. भात कालवायचा, एक घास माझ्या तोंडात, एक तिच्या. मी खाल्ल्याशिवाय ते तोंडच उघडत नव्हती. मंग माझं लग्न झालं, मी नागपूरले महाल भागात आली. नवरा लवकर गेला. लेक लहान होता. धरमपेठेत चार घरचे भांडे घासायची, पायी जायची, पायी यायची. त्या वर्षांत बहीण मौद्याहून एसटीनं यायची, डोक्यावर तांदळाची थैली. थैली चुलीपाशी ठेवायची अन् म्हणायची, "घरी जास्त झाला होता." जास्त कधीच झाला नव्हता. मले माहीत होतं, तिले माहीत होतं का मले माहीत हाय. चहा पिऊन परत जायची. असे दिवस निघाले. रडायले वेळ नव्हता म्हणून रडलो नाही, बाकी काही मोठेपणा नाही त्यात.

आता तिचे कान गेले अन् माझे डोळे. मौदा काही दूर नाही, पण दोघींचेही गुडघे एसटीची पायरी पाहूनच परत फिरतात. फोनवर मी म्हणते, "जेवली का?" ती म्हणते, "कोण मेलं?" आमचं ओरडणं ऐकून शेजारीण दारात येऊन उभी राहते.

तिच्या सुनेनं मंग रस्ता काढला. ते फोटोवाली साइट राहते ना, जिथं लोक आपण खाल्लेलं ताट बी साऱ्या गावाले दाखवतात, तिथूनच एकमेकांचं तोंड पाहून बोलता येते. फोनवर मले बहीण तांदळाच्या दाण्याएवढी दिसे. घरच्या कंप्युटरवर चांगली परातीएवढी दिसते. ऐकू यायची गरजच नाही. हातानं बोलतो.

त्यातच तिले टायफाइड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ते गेलीच. डॉक्टर म्हणे, खाल्लं नाही तं उठणार नाही. तिच्या लेकानं सांगितलं, तिच्या सुनेनं हात जोडले, ती भिंतीकडं तोंड करून पडून राही. एक दिवस दुपारी तिच्या सुनेनं फोन उशीपाशी उभा केला. मी इकडं कंप्युटरसमोर जेवतच होती. मी घास उचलला, तिले दाखवला, तोंडात टाकला. तिनं पाह्यलं. मी दुसरा उचलून थांबली. मंग तिनं तोंड उघडलं. तेव्हापासून रोज दुपारी एक वाजता ती तिकडं अन् मी इकडं, असं आमचं जेवण सुरू झालं. मी नसली तं ताट तसंच परत जाई.

आता पंचाईत ऐका. ते साइट उघडायची म्हणजे आधी एक गोल चित्र दाबा, मंग वरती इंग्रजीत पत्ता लिहा. तिथं आधीच लेकाचं विजेचं बिल उघडं, सुनेचं टायपिंगचं काम उघडं, सारे एका रांगेत. मी एकदा चुकीचं बंद केलं तं लेकाचा अर्धा भरलेला फॉर्म उडाला. तेव्हापासून तो म्हणे, "आई, तू हात नको लावू, आम्हाले सांगत जा." आजवर सून घरीच टायपिंग करायची, तीच लावून द्यायची. पण तिले धरमपेठेत ऑफिसात नोकरी लागली, सोमवारपासून जायचं होतं. लेक दिवसभर दुकानात. एक वाजता घरात मी एकटी. बहिणीले जेवू कोण घालन?

म्हणून तो रविवार. सुनेनं नेटवर काहीतरी शोधून काढलं होतं, त्यानं कोणत्याही साइटचा ॲप बनते.

"म्हणजे काय होते वं?"

"म्हणजे आई, आता ते साइट भर बाजारात जाऊन हुडकावी लागते. हे केलं का ती आपल्या घरीच राहायले येते. तिची खोली वेगळी. दाबलं का उघडली. त्यात बिल नाही, पत्ता नाही, दुसरं काहीच नाही."

"पैसे किती घेतात?"

"फुकट हाय."

शेजारीण बोललीच. "फुकट कोण देऊन राह्यलं वं आजकाल? पाहजो, नंतर पैसे मागतीन."

सून म्हणे, "काकू, विरजण बी तुम्ही फुकटच नेता. आम्ही मागतलं का कधी?"

शेजारणीनं वाटी जराशी पदराआड घेतली.

सुनेनं साइटचा पत्ता टाकला, ॲपचं नाव टाकलं 'बहीण'. मंग विचारे, चित्र कोणतं ठेवू? मी म्हटलं, तिचंच ठेव. कोण्या लग्नातला फोटो होता, पंगतीत बसून जिलेबी चावून राह्यली होती, गाल फुगलेला. सून म्हणे, दुसरा चांगला पाहू. मी म्हटलं, हाच ठेव, तिची आजकालची तऱ्हा पाहता एवढं तरी खाताना दिसू दे. थोडा वेळ कंप्युटर विचार करत बसला, अन् टिचभर चित्र आलं पडद्यावर. सुनेनं दाबलं. साइट उघडली, पूर्ण पडदा भरून, आजूबाजूले कोणी नाही.

(हे सारं मी बोलून राह्यली अन् सूनच टाइप करून राह्यली. ती म्हणते, "आई, लिहा, सून हुशार हाय." बरं बाई, लिहिलं.)

मंग माझी शिकवणी. दोनदा दाबायचं, लगेलग. मी एकदा दाबून थांबायची, दुसऱ्यांदा दाबोस्तोवर कंप्युटर पहिलं विसरून जाई. सून म्हणे, "आई, दारावर थाप देता ना, टक-टक, तसं." जमलं. पण ते टिचभर चित्र मले हुडकताच येईना. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याले डॉक्टर नाही म्हणतो.

आमच्या आरशावर सुनेच्या टिकल्या राहतात. साऱ्याच घरी राहतात म्हणा, तोंड धुवायले गेली बाई का टिकली आरशाले चिकटवते. मी त्यातली एक मोठी मरून टिकली काढली अन् कंप्युटरच्या काचेवर बहिणीच्या चित्राखाली लावून देली.

सून हसून हसून बसली. "कंप्युटरचं लग्न लावून राह्यल्या का, आई?"

"तुले दोन डोळे हायेत, तू हास."

सोमवारपासून जमलं. एक वाजता ताट घेऊन बसायची, बाणाचं टोक टिकलीवर न्यायची, जरासं वर, टक-टक, साइट उघडली का तिकडून तिच्या सुनेचा कॉल येई, बहीण हजर. ती दोन घासांवरून अर्ध्या वाटीवर आली. हातानं मले विचारे, भाजी कोणती? मी वांगं दाखवी. ती नाक मुरडे. लहानपणापासून तशीच.

मंग एक दिवस मी टक-टक केलं अन् पत्ते आले. खेळायचे पत्ते, हिरव्या गालिच्यावर रांगेनं मांडलेले. बंद केलं, परत दाबलं. परत पत्ते. टिकली जिथल्या तिथं. एक वाजून गेला. सुनेले फोन लावला, उचलला नाही. लेकाले लावला.

"आई, गिऱ्हाईक हाय, रात्री पाहतो."

"रात्री ते मले दिसन, तिले भूक आता हाय."

"दहा मिनटांनी लावतो," म्हणे, अन् ठेवला.

शेजारणीले हाका मारल्या. ती आली, पडद्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "मी म्हटलं होतं ना? फुकटचं होतं. नेली परत."

"बहीण कोण नेते वं, बह्याड?"

"मंग टिकली तं जाग्यावरच हाय."

"टिकली जाग्यावर हाय. बहीण सरकली."

आता काय करावं. तांदूळ निवडायचा कसा, तेवढं मले येते. चष्मा लावला, नाक काचेले टेकवलं अन् वरच्या कोपऱ्यापासून एकेक चित्र पाहत निघाली. शेजारीण बोट ठेवून राह्यली, "हे का? हे का?" मी म्हटलं, "ते कचऱ्याचा डबा हाय, माझी बहीण हाय का ते?" भात थंड झाला. मले तिकडचं ताट दिसून राह्यलं होतं, झाकलेलं.

पार खाली, टोकाले, फुगलेला गाल दिसला. टक-टक केलं.

खोली उघडली तं तिकडून तिच्या सुनेचा परत कॉल आला, लावून लावून थकली होती. बहीण भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिच्या सुनेनं खांद्याले हात लावून फिरवलं. तिनं मले पाह्यलं अन् मनगट वर केलं, जिथं घड्याळ कधीच नव्हतं, तिथं बोट आपटलं. मी कान पकडले. मंग मी थंड भाताचा घास उचलला. ती बघत राह्यली. मले चांगलं थांबवलं तिनं, हात दुखेस्तोवर. मंग तोंड उघडलं. त्या दिवशी वाटी पूर्ण संपली. रागात माणूस जास्त जेवते का काय, माहीत नाही. शेजारीण बी माझ्या ताटातलं वांगं खाऊन गेली, म्हणे, उभं राहून भूक लागली.

संध्याकाळी कळलं, लेकानं सकाळी दुकानाचे फोटो पडद्यावर टाकले, त्यानं सारे चित्रं सरकले. सून त्याले म्हणे, "तुमचे फोटो तुमच्या पोटावर ठेवा, तिथं जागा बहुत हाय." तिनं बहिणीचं चित्र पोळीएवढं केलं अन् मले विचारलं, "आई, कंप्युटर लावला का आपोआपच उघडन असं करू का?"

मी म्हटलं, "नोको. दार मीच वाजवीन."

बहीण आता उठून बसते. काल तिनं हातानं सांगितलं, वांगं नको, वरण कर.

हे वाचणाऱ्याले एवढंच मागणं हाय. तुमच्या घरच्या कंप्युटरवर कोण्या म्हाताऱ्या माणसाचं काही ठेवलं असन, तं त्याले विचारल्याशिवाय जाग्यावरून हलवू नका.